ओल्डुवायला अर्धा तास थांबायचं की अर्धा दिवस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पाच जण, म्हणजे तुम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा, सहा रात्रींसाठी पुण्याहून उत्तर टांझानियात निघालाय. मुलीला ‘ल्यूसी’ आणि आदिमानवाचे जीवाश्म बघायचेत. ऑपरेटरने न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीला जाताना वाटेतल्या जीवाश्मांच्या घळीसाठी ‘ओल्डुवाय, ३० मिनिटं’ एवढंच लिहिलंय आणि फोनवर सांगतोय की तिथे बघण्यासारखं काही नाही. शिवाय लाएटोलीचे आदिमानवाचे पाऊलठसे त्यातच बसवता येतील का, हेही तुम्ही विचारलंय.

ऑपरेटर खोटं बोलत नाहीये. अर्ध्या तासात तिथे खरोखरच काही दिसत नाही. मी भूशास्त्र शिकले आणि आता बरीच वर्षं छोटे गट घेऊन या भागात जाते. माझ्या पाहण्यात ओल्डुवायहून नाराज होऊन परतणारे सगळे एकाच साच्यातले असतात. गाडीतून उतरले, कठड्यापाशी फोटो काढला, स्वच्छतागृह, पाणी, परत गाडी. त्यांना वाटलं होतं जमिनीत अर्धवट रुतलेल्या कवट्या दिसतील. तशा त्या जगात जवळजवळ कुठेच दिसत नाहीत. सापडलेला जीवाश्म तिथे ठेवत नाहीत, तो तिजोरीत जातो. त्यामुळे ‘जावं की नाही’ हे ठरवण्याआधी तिथे नेमकं काय बघायचं आहे ते कळायला हवं. ते कळलं की किती वेळ द्यायचा आणि तो कुठल्या दिवशी, हे सोपं होतं.

आधी मुलीसाठी एक खुलासा. ल्यूसी, म्हणजे आदिमानवाचा तो प्रसिद्ध सांगाडा, टांझानियातली नाही. ती १९७४ मध्ये इथिओपियात हाडार इथे सापडली, वय सुमारे ३२ लाख वर्षं. पण मुलगी हिरमुसली तर तिला हे सांगा: ल्यूसीच्या प्रजातीचं, म्हणजे ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिसचं नाव १९७८ मध्ये ठरलं तेव्हा नमुना म्हणून ल्यूसी निवडली नव्हती. निवडला होता तो लाएटोलीला सापडलेला एक खालचा जबडा. लाएटोली ओल्डुवायपासून ४५ किलोमीटरवर आहे. म्हणजे तुमची मुलगी ल्यूसीच्या नातेवाइकांच्या गावाजवळ चालली आहे.

आता ओल्डुवाय म्हणजे काय. सेरेंगेटीच्या पूर्व कडेच्या सपाट माळावर जवळपास ५० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ९० मीटर खोल अशी घळ आहे. वीस लाख वर्षांपूर्वी तिथे खारट पाण्याचं उथळ तळं होतं, काठावर झरे होते आणि पूर्वेकडे धुमसणारे ज्वालामुखी. राख पडायची, त्यावर गाळ बसायचा, पुन्हा राख. असे थरांवर थर चढत गेले. पुढे जमीन खचली, नदीने वाट काढली आणि हे सगळे थर उभे कापले गेले. आपल्याकडे घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला की कडेला जसे पट्टे उघडे पडतात, तसंच, फक्त इथला प्रत्येक पट्टा मोजलेला आहे. तळाशी काळा बेसॉल्ट, सह्याद्रीत बघता त्याच जातीचा दगड. त्यावर राखाडी-पिवळट पहिला थर, मग दुसरा, मग एकदम डोळ्यात भरणारा लाल तिसरा. कठड्यावरून समोर जो एकटा लाल सुळका उभा दिसतो, तो याच लाल थराचा उरलेला तुकडा.

राखेचं महत्त्व मुलीला नीट समजावा, कारण तिथला अर्धा आनंद त्यात आहे. राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियम असतं. त्यातला थोडा किरणोत्सारी भाग अतिशय संथ गतीने आरगॉन वायूत बदलतो. खडक वितळलेला असताना आधीचा आरगॉन निसटून जातो आणि थंड झाल्यावर नवा साठायला लागतो. किती साठला ते मोजलं की राख कधी पडली ते कळतं. १९६१ मध्ये ही पद्धत इथल्या पहिल्या थराला लावली आणि उत्तर आलं साडेसतरा लाख वर्षं. तोवर माणसाचा इतिहास इतका मागे जाईल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. नंतरच्या अधिक बारीक मोजणीत तोच थर १८ लाखांच्याही थोडा मागे गेला. आणि ती राख आली कुठून, तर प्रामुख्याने न्गोरोंगोरो आणि शेजारच्या ओल्मोटी या ज्वालामुखींमधून. तुम्ही न्गोरोंगोरोच्या ज्या क्रेटरमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात, सिंह-गेंडे बघायला उतरणार आहात, त्याच डोंगररांगेने या हाडांवर पांघरूण घातलं. म्हणून मी क्रेटर आणि ओल्डुवाय ही दोन वेगळी ‘पॉइंट्स’ मानतच नाही.

घळीत काय सापडलं याची यादी मोठी आहे, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. इथे वर्षानुवर्षं जीवाश्म शोधणाऱ्या दांपत्यापैकी लुई लीकी १७ जुलै १९५९ ला तापाने तळावर पडून होते. मेरी लीकी कुत्र्यांना घेऊन एकट्याच फिरायला गेल्या आणि उतारावर त्यांना मोठ्या दाढा असलेला वरचा जबडा दिसला. तो झिंजान्थ्रोपस, आजच्या वर्गीकरणात पॅरान्थ्रोपस बॉइसी. त्याची मूळ कवटी दार-एस-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे, ओल्डुवायला प्रतिकृती आहे. दुसरी गोष्ट, पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, त्यांचा मुलगा जोनाथनला जवळच वेगळ्याच, अधिक नाजूक जबड्याचे अवशेष मिळाले. १९६४ मध्ये त्याला होमो हॅबिलिस हे नाव दिलं. म्हणजे एकाच तळ्याकाठी एकाच काळात माणसासारखे दोन वेगळे प्राणी वावरत होते. सेरेंगेटीच्या रस्त्यावरून आत वळताना दोन अवाढव्य कवट्यांचं स्मारक लागतं, ते या दोघांचंच. तिथे फोटो काढाच, पण तिथूनच परत फिरू नका. तसं करणाऱ्या गाड्याही मी पाहिल्यात. संग्रहालय तिथून आत जेमतेम पाच किलोमीटर आहे.

मी कार्यक्रम आखते तो असा. आधी संग्रहालय, साधारण पाऊण तास. हे २०१७ मध्ये नव्याने उघडलं आहे, जुन्या दोन खोल्यांच्या आठवणीवर जाऊ नका. लाएटोलीच्या पाऊलठशांचा साचा इथेच आहे. त्याच्यापाशी मुलीला थांबू द्या. टाच आधी टेकली आहे, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत आहे, माकडासारखा बाजूला फाकलेला नाही, तळव्याला कमान आहे. हे तिने स्वतःच्या पायाशी ताडून बघितलं की ३६ लाख वर्षं हा नुसता आकडा राहत नाही. नामशेष प्राण्यांच्या हाडांकडेही लक्ष द्या. या थरांत शिवाथेरियम नावाच्या जिराफाच्या दांडग्या भाऊबंदाची हाडं सापडलीत, आणि तो विज्ञानाला पहिल्यांदा कळला तो आपल्या शिवालिक टेकड्यांतून, १८३६ मध्ये. आजोबांना हे आवडेल.

मग कठड्यावर तिथल्या स्थानिक गाईडचं छोटं व्याख्यान, वीसेक मिनिटं. इंग्रजी स्पष्ट असतं, प्रश्न विचारले की खुलतात. आणि मग, हा माझ्या दृष्टीने खरा भाग, गाडीने खाली घळीत उतरायचं. याचे वेगळे पैसे पडतात आणि तिथला गाईड सोबत घ्यावाच लागतो. ऑपरेटरच्या ‘३० मिनिटां’त हे कधीच धरलेलं नसतं. खाली झिंज, म्हणजे झिंजान्थ्रोपस, सापडला तिथे एक चौथरा आणि त्यावर पाटी आहे, बास. पण पाटीकडे बघण्याऐवजी पायाखाली बघा. राखाडी मातीत पांढरट गारगोटीसारखे टवके विखुरलेले असतात. घळीत असा खडक नाही. तो उत्तरेकडच्या नायबोर सोइट टेकडीवरून आलेला, कुणीतरी मुद्दाम उचलून आणलेला. हातात मावेल असा गोटा, एका कडेने टवके काढून धार केलेला. गाईडला विचारा, तो टवका आणि साधा फुटका दगड यांतला फरक दाखवतो: जिथे ठोका बसला तिथे छोटासा फुगवटा असतो आणि त्यापासून लाटा पसरल्यासारख्या बारीक रेषा. एकदा तो फुगवटा डोळ्याला कळला की मुलीला पुढच्या दहा मिनिटांत चार-पाच तरी सापडतील. बघायचं, फोटो काढायचा, जिथे होता तिथे ठेवायचं. खिशात एकही नाही. हे नियम म्हणून तर आहेच, पण दगड जागेवरून हलला की त्याची निम्मी माहिती गेली.

या सगळ्याला अडीच ते तीन तास लागतात. अर्धा दिवस म्हणा.

आई-बाबांचं काय? संग्रहालय आणि कठडा दोघांनाही सहज जमेल, चालणं फार नाही. खाली उतरायचा रस्ता मात्र दगडधोंड्यांचा आहे. कंबर किंवा गुडघ्याची तक्रार असेल तर त्यांनी वरच सावलीत बसावं. तिथे तांबूस शेपटीचे सुगरणीच्या जातीचे पक्षी, जे टांझानियाबाहेर क्वचितच दिसतात, डब्यातल्या भुग्यासाठी पायाशी येतात. तासभर मजेत जातो. त्यांना खायला घालू नका एवढंच. पण हा निर्णय तुम्ही इथे बसून घेऊ नका, आदल्या दिवशीच्या प्रवासानंतर त्यांची तब्येत बघून घ्या. न्गोरोंगोरोच्या लोडोआरे गेटपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यापुढे हाडं खिळखिळी होतात.

आता दिवस कुठला? इथे तुमच्या ऑपरेटरचा क्रम मी उलटा करेन. त्याने लिहिलंय: न्गोरोंगोरोच्या अलीकडचं कराटू गाव, मग क्रेटर, क्रेटरच्या काठावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी ओल्डुवायमार्गे सेरेंगेटी, शेवटी सेरेंगेटीहून थेट अरुशा. दिसायला सरळ आहे, पण परमिटचं गणित बघा. न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी, दोन्हीकडे प्रवेश शुल्क माणशी २४ तासांचं असतं आणि घड्याळ गेटवर सुरू होतं. ओल्डुवाय न्गोरोंगोरोच्या हद्दीत आहे. क्रेटरसाठी सकाळी सातला आत शिरलात, तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत सेरेंगेटीचं नाबी हिल गेट ओलांडायला हवं, ते शक्यच नाही. मग एकतर दुसरं शुल्क भरायचं किंवा ड्रायव्हर गाडी पळवणार. ओल्डुवायचा अर्धा तास होतो तो बहुतेक वेळा या घड्याळामुळे. वर परतताना याच हद्दीतून जायचं, म्हणजे तिसरं शुल्क. पाच माणसांना हा खर्च किरकोळ नाही.

त्याऐवजी असं करा. पहिली रात्र अरुशा, दुसरी कराटू. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सहाला लोडोआरे गेट उघडतं तेव्हा तिथे हजर राहा. काठावरून क्रेटर फक्त वरून बघा, बहुतेक धुकं असेलच, आणि पश्चिमेला उतरायला लागा. या उतारावर झोपू नका. तुम्ही ज्वालामुखीच्या पाठीवरून खाली येत असता, डाव्या हाताला लेमाग्रुटचा डोंगर, समोर पिवळा माळ उघडत जातो. नऊच्या सुमारास ओल्डुवाय. तेव्हा ऊन तिरपं असतं, थरांचे रंग उठून दिसतात. अकरानंतर सगळं पांढरं पडतं आणि खाली घळीत हवा हलत नाही. बाराला निघालात की दीड-दोनपर्यंत नाबी हिल, तिथेच पॅक लंच, आणि मग प्राणी बघत संध्याकाळपर्यंत सेरेंगेटीच्या मध्यावरचं सेरोनेरा.

उशिरा शिरलो म्हणून हळहळू नका. दुपारी दीडला शिरलात म्हणजे शेवटच्या दिवशीही दीडपर्यंत वेळ. सेरेंगेटीत दोन रात्री, म्हणजे दोन पूर्ण सकाळी मिळतात, आणि मांजरकुळातले प्राणी सकाळीच दिसतात. पाचव्या दिवशी दुपारी बाहेर पडून क्रेटरच्या काठावर मुक्काम, सहाव्या दिवशी पहाटे क्रेटरमध्ये उतरायचं आणि दुपारी दीडच्या आत लोडोआरेतून बाहेर. २४ तास बरोबर बसतात, न्गोरोंगोरोचं शुल्क तीनऐवजी दोनदाच. रात्री अरुशा. काठावरचा मुक्काम सुमारे २३०० मीटरवर आहे, आई-बाबांसाठी स्वेटर आणि कानटोपी घ्या. आफ्रिका म्हणून कुणी ऊबदार कपडे घेत नाही आणि मग रात्रभर कुडकुडतात. दर आणि नियम बदलत असतात, तेव्हा वेळांचा हा हिशोब ऑपरेटरकडून एकदा पक्का करून घ्या. तत्त्व मात्र हेच ठेवा: ओल्डुवाय जाताना, क्रेटर येताना.

यात बदल कधी करेन? मोसम वेगळा असेल तर. फेब्रुवारीत कुणी विचारलं तर मी सेरोनेराऐवजी न्गोरोंगोरो-सेरेंगेटीच्या सीमेवरच्या एंडुटूला राहा म्हणते. विल्डबीस्टची पिल्लं तेव्हा त्याच माळावर जन्माला येतात आणि ओल्डुवायची घळ सुरूच तिथून होते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र तिथे मोठा पाऊस संपत आलेला असतो. माळ सुंदर असतो, पण घळीत उतरणं भरवशाचं नाही. खालून नदी वाहत असेल तर गाडी नेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या दिवाळीत छोट्या पावसाची सुरुवात असते, दुपारी एखादी सर येते. सकाळी जाण्याला हेही एक कारण.

लाएटोली: नको. ठसे १९७८ मध्ये सापडले, जवळपास २७ मीटरची वाट, ओल्या राखेवर उमटलेली आणि सिमेंटसारखी कडक झालेली. नंतर बाभळीच्या जातीच्या झाडांची मुळं त्यात शिरायला लागली, म्हणून १९९० च्या दशकात तज्ज्ञांनी वाळू, जाळीदार कापड आणि वर लाव्ह्याचे धोंडे रचून ती वाट पुन्हा बुजवली. जतनाच्या दृष्टीने उत्तम काम, पण तिथे जाऊन तुम्ही धोंड्यांचा ढीग बघाल. आडवाटेने जवळपास दिवस जातो. संशोधक असाल तर गोष्ट निराळी.

वेळ उरला तर ओल्डुवायच्या उत्तरेला काळ्या राखेची सरकती टेकडी आहे. चंद्रकोरीच्या आकाराची, वाऱ्याबरोबर वर्षाला पंधरा-सोळा मीटर पुढे जाते. कधी कुठे होती त्याच्या खुणा रोवल्यात. राखेत लोह आहे, खिशात लोहचुंबक असेल तर कण चिकटतात. मुलांना हे फार आवडतं. पण त्यासाठी तास-दीड तास लागतो आणि तुमच्या आखणीत तो फक्त घळीत उतरणं रद्द झालं तरच निघेल.

निघायच्या आधीची तयारी मुलीच्या बाबतीत मी सर्वांत महत्त्वाची मानते. तुम्ही पुण्यातच आहात. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयाची वेळ फोन करून विचारा आणि तिला एकदा घेऊन जा. नेवाशाला प्रवरेच्या काठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी आणि नंतरच्या अभ्यासकांनी अश्मयुगीन हत्यारं गोळा केली. त्या बदामाच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंनी घडवलेल्या हातकुऱ्हाडी. ओल्डुवायच्या दुसऱ्या थरापासून वर याच घडणीच्या कुऱ्हाडी सापडतात. पहिल्या थरात त्या नाहीत, तिथे फक्त धार काढलेले गोटे आणि टवके. हा फरक तिला आधीच ठाऊक असेल तर ती गाईडला असा प्रश्न विचारेल की तो व्याख्यान सोडून गप्पा मारायला लागेल.

विमान नैरोबीमार्गे असेल आणि तिथे एक दिवस थांबता येत असेल तर नैरोबीचं राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका. ‘तुर्कानाचा मुलगा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आदिमानवाचा, १९८४ मध्ये सापडलेला, जवळजवळ पूर्ण सांगाडा त्यांच्याकडे आहे. ‘जीवाश्म बघायचे’ ही मुलीची हौस खरं तर तिथे भागेल. केनिया किंवा इथिओपियामार्गे जाताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागेल का हे विमान कंपनीला आणि अधिकृत लसीकरण केंद्राला विचारून ठेवा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं, आणि वयामुळे आई-बाबांना लस चालेल का हे डॉक्टरच सांगू शकतील. दिवाळीचा फराळ करता करता हे आठवलं तर उशीर झालेला असेल.

राहिला ऑपरेटर. त्याच्याशी वाद घालू नका, लेखी एवढंच मागा: ओल्डुवायला सकाळी नऊ ते बारा थांबा, संग्रहालय शुल्क, घळीत उतरण्याचं शुल्क आणि स्थानिक गाईड पॅकेजमध्ये आहेत की जागेवर कार्डाने भरायचे, क्रेटर परतीच्या वाटेवर, आणि दोन्ही गेटांवरच्या प्रवेशाच्या अपेक्षित वेळा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो चटकन आणि नेमकं देऊ शकला, तर माणूस कामाचा आहे. गोलमाल उत्तर आलं तर पैसे भरण्याआधी आणखी एक कोटेशन मागवा.